बुरशीचा गट कळून शेतकऱ्याला काय फायदा? तासगावच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की झाडावर बुरशी आली की औषध मारायचं, ती कुठल्या गटातली ते प्रोफेसर लोकांनी बघावं, आणि झाडांची मुळं-बुंधे कुजवणारा फायटॉप्थोरा ही खरी बुरशी नाही असं मी लिहिलं ते तुम्हाला पटलं नाही कारण कॉलेजच्या पुस्तकात ती बुरशीच होती. होती, बरोबर आहे. पण औषध कुठलं चालणार हे गटावरच ठरतं हो, म्हणून तर एवढं लिहिलं.

तुमच्या द्राक्षाचंच घ्या. भुरी आणि डाउनी (केवडा) हे दोन रोग, दोन्ही पांढऱ्या, दोन्हीला आपण बुरशीच म्हणतो. भुरी ही खरी बुरशी, तिच्या पेशींच्या आवरणाला एर्गोस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात आणि हेक्झाकोनॅझोल हे औषध नेमके तेच तयार होऊ देत नाही, म्हणून भुरी आटोक्यात येते. डाउनी ऊमायसिटीस गटातली, नात्यानं तपकिरी शेवाळाच्या जवळची, ती हे पदार्थ बनवतच नाही, मग तिच्यावर हेक्झाकोनॅझोल कितीही मारा, पैसे वाया. उलट मेटॅलॅक्झिल डाउनीवर चालतं, भुरीवर नाही. फळछाटणीनंतर पाऊस लागला की डाउनी का भडकते? हिचे बीजाणू पाण्यात पोहतात, पान ओलं राहिलं की झालं. भुरीला तसं पाणी लागत नाही.

लिंबाच्या बुंध्यातून डिंक गळतो तो डिंक्या फायटॉप्थोराचा, म्हणजे डाउनीच्या भावकीतला. रस्त्याकडंच्या गुलमोहराच्या बुंध्याला कडक अर्धगोल छत्र्या येतात तो गॅनोडर्मा, अळिंबीच्या मोठ्या गटातला, आणि तो बाहेर दिसेपर्यंत आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं, तिथं फवारणी करून उपयोग नाही.

नावं सारखी बदलतात हा तुमचा राग मात्र समजू शकतो. आंब्याच्या करप्याच्या बुरशीला कोलेटोट्रायकम पण म्हणायचे आणि ग्लोमेरेला पण, एकाच जिवाच्या दोन अवस्थांना दोन नावं. २०११ साली मेलबर्नला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत एका बुरशीला एकच नाव असं ठरलं, त्यामुळं बरीच जुनी नावं गेली, पण पुढच्या पोरांचा घोळ कमी झाला.

आणि तुमची डाळिंबं वाळतायत म्हणून लिहिलंय, त्याची मला जास्त काळजी वाटते. ही मर सेराटोसिस्टिस नावाच्या बुरशीनं आली असेल तर ती खरी बुरशी, डाउनीचं औषध तिथं ओतू नका. वाळलेल्या झाडाचा बुंधा आडवा कापून बघा, लाकडात काळपट तपकिरी डाग दिसले तर फोटो टाका, आणि ते झाड काढताना मुळांची माती बाकीच्या झाडांत सांडू देऊ नका.