झेंडूच्या काढ्याने गेलेली नजर परत येत नाही

कोल्हापुरात पेठापेठांतल्या व्हॉट्सॲप गटांवरून सध्या एक संदेश फिरतो आहे. झेंडूच्या पाकळ्यांचा काढा तीन महिने घ्यावा आणि रात्री डोळ्यांत मधाचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे उतारवयात गेलेली नजर परत येते, मोतीबिंदू विरघळतो, चष्मा सुटतो आणि डोळ्यातल्या इंजेक्शनांची गरज उरत नाही, असे त्यात म्हटले आहे. झेंडूत ल्युटिन हे पिवळे रंगद्रव्य असते व त्याचा गुण ‘अमेरिकेत सिद्ध झाला आहे’, हा त्याला दिलेला आधार. यातले थोडेसे खरे आहे, म्हणूनच बाकीचे खपून जाते.

झेंडूत ल्युटिन असते आणि गोळ्यांतले ल्युटिनही बहुतांशी झेंडूपासूनच काढतात, हे बरोबर. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूला त्याचा पिवळेपणा ल्युटिन व त्यासारखेच झियाझँथिन यांच्यामुळेच येतो. परंतु ल्युटिन पाण्यात विरघळत नाही. वाळलेल्या पाकळ्यांतून ते काढण्यासाठी कारखान्यात हेक्झेनसारखे द्रावक वापरावे लागते. त्यामुळे उकळून गाळलेल्या काढ्यात ते नगण्यच उतरते. शिवाय दसऱ्याला कपिलतीर्थ मंडईत येणारा झेंडू हारातोरणांसाठी पिकवलेला असतो, आणि त्यावर कोणती फवारणी झाली हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ल्युटिन पोटात जावे असे वाटत असेल, तर तेलाची फोडणी दिलेली पालकाची भाजी केव्हाही बरी. मात्र वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांनी पालक एकाएकी वाढवू नये, कारण त्यातले के जीवनसत्त्व गोळीच्या परिणामाआड येते.

‘अमेरिकेत सिद्ध’ याचे मूळ तेथील नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या दोन मोठ्या चाचण्यांत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत सी व ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांच्या ठरावीक मात्रेने, पीतबिंदूची झीज (उतारवयात मधली नजर अधू करणारा आजार) मध्यम टप्प्यावर असलेल्यांसारख्या जास्त जोखमीच्या रुग्णांत ती गंभीर होण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीत त्याच मात्रेत १० मिलिग्रॅम ल्युटिन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन यांची भर घातली, तेव्हा मुख्य निष्कर्षात धोका आणखी कमी झाला नाही. पण बीटा-कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्याच्या जागी ल्युटिन स्वीकारले गेले. म्हणजे सिद्ध झाले ते काही रुग्णांत झीज मंदावणे. नजर परत मिळणे हा दावा त्या संशोधनाने केलेलाच नाही. (झीज वाढवणाऱ्या सवयींत धूम्रपान अग्रभागी आहे, पण बिडी सोडा असे संदेशात एका शब्दानेही म्हटलेले नाही.)

मोतीबिंदू हा निराळाच आजार आहे. त्यात भिंगातली प्रथिने गढूळ होतात, आणि ती पुन्हा नितळ करणारे औषध आजवर सिद्ध झालेले नाही. काढ्यावर विसंबून मोतीबिंदू अतिपक्व होऊ दिला, तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते. चाळिशीचा चष्मा लागतो तो भिंग ताठर झाल्याने. त्याचा ल्युटिनशी संबंध नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य मधाच्या थेंबांपाशी धोक्याचे ठरते. बरणीतला मध निर्जंतुक नसतो. आपल्याकडे ऊस तोडताना पाल्याचा ओरखडा बुबुळावर उठणे नवे नाही, आणि अशा डोळ्यात असे काही घातले, तर जंतू किंवा बुरशीने व्रण चिघळून फूल (बुबुळावर पांढरा डाग) पडते.

सर्वांत घातक सल्ला इंजेक्शने थांबवण्याचा आहे. पीतबिंदूच्या झिजेच्या ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात. त्यांची वाढ रोखणारी इंजेक्शने लांबवली, तर पडद्यावर वण तयार होतो आणि त्या जागेची नजर परत मिळवता येत नाही. एकेक डोळा झाकून पाहावे: दाराची चौकट किंवा फरशीची रेघ वाकडी दिसू लागली, तर काढा उकळत न बसता त्याच आठवड्यात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्यावा.