आउटपुट इम्पीडन्स छापायला काय जातं?

पुन्हा तेच! डेस्कटॉप डॅक-अँप, म्हणजे कॉम्प्युटरमधली डिजिटल गाणी हेडफोनवर ऐकवणारा टेबलावरचा डबा, घ्यायला गेलो की खोक्यावर ठळक अक्षरांत ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ, म्हणजे किती बारीक तपशिलाच्या फाइली तो वाजवतो ते. अहो, माझी सगळी गाणी सीडीवरून उतरवलेली, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची. त्या आकड्यांचं मी करू काय? मला हवा असतो आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन जोडतो तिथला अँपचा स्वतःचा विद्युत अवरोध, आणि नेमका तोच कुठे सापडत नाही. हेडफोन ३२ ओहमचे असतील तर अँपचा इम्पीडन्स आठव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे ४ ओहमच्या खाली हवा. मागच्या खेपेला घरी आणून मोजला, तर चक्क ३० ओहम! तबला लावला की डग्गा नुसता घुमत राहायचा, बोल कळेनात. दुकानदार म्हणे, "वापरून बघा, कान सरावतील." कान का सरावतील? आकडा छापा ना!