न्यूमरिकल रिले बसवला, आता सीटीकडे बघा

फॉल्ट (शॉर्टसर्किट) ओळखून ब्रेकर पाडतो तो रिले; न्यूमरिकल म्हणजे त्याचा नवा, डिजिटल प्रकार. लाइनचा मोठा करंट लहान करून त्याला दाखवते ती सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. जळगाव-धुळ्याकडच्या उपकेंद्र ऑपरेटर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'जुने रिले काढून न्यूमरिकल लावले की संरक्षण पक्कं. सीटी नुसता करंट लहान करते, रेशो जुळला की झालं. मीटरिंगचा कोर जास्त अचूक, रिलेलाही तोच द्या. वायरच्या लांबीनं काही बिघडत नाही.' न्यूमरिकल रिले उत्तमच आहे. बाकीचं ऐकून कुणी वायरिंग केलं तर जिवावर बेतेल.

'रेशो जुळला की झालं.' तो आपण रोजच्या करंटला तपासतो. ३३/११ केव्ही उपकेंद्रात ५ एमव्हीएचं रोहित्र असेल, तर ११ केव्हीकडे पूर्ण भार २६२ अँपिअर. पण बसजवळ, म्हणजे फीडर (बाहेर जाणाऱ्या लाइनी) जिथून निघतात त्या पट्टीजवळ, फॉल्ट झाला तर करंट सहज तीन हजारांच्या घरात जातो. २००/५ च्या, म्हणजे २०० अँपिअरचे ५ करणाऱ्या, फीडर सीटीला ते पंधरा पट. पाटीवर '५पी१०' असेल तर अचूकतेची हमी दहा पटींपर्यंतच, तीही ठरलेल्या बर्डनला (सीटीवर वायर आणि रिलेचा जो भार पडतो त्याला). त्यात सुरुवातीच्या सायकलींत डीसी अंश (एकाच दिशेचा करंट) मिसळला की सीटीचा गाभा त्याआधीच सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते. रिलेला करंट कमी दिसतो, तो उशीर करतो, तेवढ्यात इनकमर (सगळ्या फीडरांना वीज देणारा मुख्य ब्रेकर) पडतो आणि सगळे फीडर बंद. मे महिन्यात केळीचं पाणी थांबलं की काय होतं, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको.

'मीटरिंगचा कोर द्या.' अजिबात नको. सीटीत मीटरसाठी हा वेगळा गाभा असतो; मीटर जळू नये म्हणून तो लवकर सॅच्युरेट व्हावा असाच बनवतात.

वायरचा मुद्दा तर मी डोळ्यांनी पाहिलाय. तापीकाठच्या एका उपकेंद्रात फीडरऐवजी इनकमर पडायचा. नव्या रिलेच्याच रेकॉर्डमध्ये बी फेजच्या करंटचा तरंग पाहिला: चढतो आणि शिखर गाठायच्या आत कड्यावरून पडल्यासारखा शून्यावर येतो. सीटीपासून पॅनेलपर्यंत शंभर मीटर, अडीच स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर. जाऊन-येऊन दीड ओहम. ५ अँपिअरच्या सेकंडरीला (सीटीच्या रिलेकडच्या बाजूला) नुसत्या वायरचं बर्डन ३७ व्हीए (व्होल्ट-अँपिअर), आणि सीटी १५ व्हीएची! सेकंडरी १ अँपिअरची असती तर दीड व्हीएत भागलं असतं.

रिले बदलाल तेव्हा सीटीची नी-पॉइंट चाचणी (गाभा किती व्होल्टला सॅच्युरेट होऊ लागतो ते) आणि लूप रेझिस्टन्स (वायरचा जाऊन-येऊन रोध) त्याच दिवशी घ्या. आणि सेकंडरी सोडवण्याआधी ती शॉर्ट करा. चालू भारावर उघडी राहिली तर तिथे हजारो व्होल्ट येऊ शकतात.