शेतात केबिन ठेवायचीय? आधी सातबारा बघा, केबिनचा रंग नंतर

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरपासून पार वैतरण्यापर्यंत कुठंही गाडी घालून बघा, रस्त्याकडेला बोर्ड सगळीकडे सारखाच. ११ गुंठे, तारेचं कंपाउंड, गेट आणि वर रेडिमेड केबिन. एजंट काय सांगतो, तर साहेब क्रेनने आणून ठेवायची, पाया नाही म्हणजे बांधकाम नाही, बांधकाम नाही म्हणजे परवानगी नाही आणि टॅक्सपण नाही. ऐकायला एकदम मस्त. यातलं जवळपास काहीच खरं नाही.

केबिन नटबोल्टवर उभीय का चाकांवर, याच्याशी महसूल खात्याला फार घेणंदेणं नसतं, ते बघतात जमिनीचा वापर कशासाठी चाललाय. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमात शेतीची इमारत म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलंय. अवजारं, खत, चारा, माल ठेवायची जागा, जनावरांचा गोठा, आणि मालकाच्या घरच्यांना किंवा गड्याला राहायची सोय. म्हणजे आपली कांदाचाळ त्यात बसते, पंपाची खोली बसते आणि तुम्ही खरंच शेती करत असाल तर राहायची केबिनपण बसते. शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने दिली की मात्र ती शेतीची राहत नाही, तो धंदा झाला. तसं करायचंच असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी करा ना.

आता गुंठ्यांचा घोळ. २०२३ पासून तुकडेबंदीत, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या कायद्यात, बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे हे प्रमाणभूत, म्हणजे कमीत कमी क्षेत्र आहे, म्हणून एजंट म्हणतो ११ गुंठ्यांची खरेदी होते, आणि बागायत असेल तर ती होतेही. पण खरेदी झाली म्हणून घर बांधता येतं असं नाहीये भाऊ, तो कायदाच वेगळा. २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे, शेती झोनमध्ये शेतघराला कमीत कमी ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे साधारण एकर. त्या एकरावर १५० चौरस मीटर बांधकाम मिळतं, जमीन जास्त असेल तर वाढत वाढत जास्तीत जास्त ४००. अकरा गुंठेवाला या हिशोबात कुठंच नाही, मग केबिन विटांची असो का पत्र्याची. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असाल तर गोष्ट वेगळी, तिथं एनएचं, म्हणजे जमीन बिगरशेती करायचं काम बरंच सोपं झालंय. आणि तो ३२०० चौरस फुटांपर्यंत बांधकामाला परवानगी लागत नाही वाला मोबाईलवरचा फॉरवर्ड कृपा करून शेतीच्या गटाला लावू नका, तो छोट्या भूखंडांसाठी आहे.

त्याच्याही आधी दोन गोष्टी. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि त्र्यंबक, पेठ, दिंडोरी, इगतपुरी भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, स्टँप पेपरवर साठेखत करून ताबा दिला तरी नाही. निम्मे स्वस्त प्लॉट का स्वस्त आहेत ते इथं कळतं.

टॅक्सचं बोलू. केबिनवर १८ टक्के जीएसटी आधीच जातो, कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असतो. मग ग्रामपंचायत नमुना ८ ला, म्हणजे घरांच्या कर रजिस्टरला, नोंद करून घरपट्टी लावते. लोक ती पावती देवघरात ठेवल्यासारखी जपतात, पण घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. नाशिक तालुका आणि आसपासच्या तालुक्यांतली बरीच गावं आता एनएमआरडीएत, म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहेत, तिथं नकाशा मंजूर करायचा अधिकार त्यांचा, सरपंचाच्या सहीने भागत नाही. भाड्याचं उत्पन्नही शेतीचं म्हणून इन्कम टॅक्समधून सुटत नाही. आणि विहिरीच्या शेती मीटरवरून केबिनचा एसी चालवणारे महाभाग आहेत, त्यांनी वीज कायद्याचं कलम १२६ वाचावं, दुप्पट दराने बिल येतं.

हे सगळं लिहिलं म्हणून मी नियमांच्या बाजूने आहे असं समजू नका. माझा खरा राग दुसरीकडे आहे. पावणेतीन एकर घेऊन चारशे मीटरचा बंगला बांधणारा मुंबईकर कागदावर शेतघरवाला, आणि निफाडचा पंचवीस गुंठे द्राक्षं असलेला माणूस, ज्याला रात्रीच्या लाईटला पाणी भरायला जावं लागतं, बांधाला बिबट्या फिरतोय, माल काढणीला आला की बाग सोडता येत नाही, त्याला एक छोटी खोली कायदेशीर करता येत नाही. तो पत्र्याची टाकतोच, कोणी विचारत नाही हेही खरं. पण उद्या रस्ता रुंद झाला, सिंहस्थाच्या नावाने मोजणी आली, की त्या खोलीचा कागद कुठंय असं विचारतात आणि मोबदल्याच्या यादीतून ती पहिली उडते.

माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या नावावर पीकपाणी लागलंय आणि जो खरंच कसतो, त्याला एकराच्या आत असला तरी दोनशे चौरस फुटांची एक केबिन ग्रामपंचायतीच्या साध्या अर्जावर मिळावी, घरपट्टी घ्या खुशाल. भाड्याने दिली तर परवानगी रद्द. पीकपाहणी आता मोबाईलवरून होते, कोण कसतो आणि कोण नुसता हुरडा पार्टीला येतो हे सातबाऱ्यावरच दिसतं, तपासायला वेगळा माणूस लागत नाही.

आणि घेणाऱ्यांनी एजंटला फक्त झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या झोनमध्ये येते त्याचा कागद, मागा. नुसतं मागून बघा, बऱ्याच जणांचा फोन तिथंच लागायचा बंद होतो.