त्रैक्य कॉन्स्टंटाईनने ठरवलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपलं म्हणणं थोडक्यात असं: येशूचं देवत्व ३२५ साली नायसियाच्या बिशपांच्या सभेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने ठरवून घेतलं, अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस हा पहिला युनिटेरियन (त्रैक्य नाकारून देव एकच व्यक्ती मानणारा), आणि बायबलातलं १ योहान ५:७ हे वचन मागाहून घुसडलेलं असल्याने त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) निराधार ठरतं.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचा तो भाग जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत तो छापला नव्हता, १५२२ मध्ये घातला. त्रैक्यवाद्यांनी ते वचन पुढे करणं सोडावंच. मात्र चौथ्या शतकातल्या ग्रीक धर्मगुरूंनी एरियसशी वाद घालताना त्याचा आधार घेतलेलाच नाही. त्यांचा भर योहान १, फिलिप्पै २, मत्तय २८:१९ यांवर होता.

आता नायसिया. ख्रिस्ताची उपासना तिथे सुरू झाली नाही. ख्रिस्ती लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं गातात, असं रोमन अधिकारी प्लिनीने ११२ च्या सुमारासच सम्राटाला कळवलं होतं. अलेक्झांड्रियात पेटलेला वाद वेगळा होता: पुत्र पित्यासारखाच अनादी आहे, की पित्याने निर्माण केलेला? सम्राटाचा दबाव होताच. सभेच्या मतांगीकारावर (श्रद्धेच्या अधिकृत निवेदनावर) सही न करणाऱ्या लिबियाच्या दोन बिशपांना एरियसबरोबर हद्दपार केलं गेलं. पण पुढचं पाहा. त्याच कॉन्स्टंटाईनने एरियसला परत बोलावलं, ३३५ मध्ये एरियसचा कट्टर विरोधक बिशप अथानासियसला त्रीर (आजच्या जर्मनीतलं शहर) इथे हद्दपार केलं, आणि ३३७ मध्ये मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला तो एरियसचा पाठीराखा बिशप युसेबियस याच्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर नायसियाविरोधकांच्याच बाजूचा. नायसियाच्या बाजूने निकाल ३८१ मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात लागला. राजसत्तेचं वजन दोन्ही पारड्यांत पडत होतं, म्हणून तो पुरावा एकाच बाजूविरुद्ध वापरता येत नाही.

एरियसही आपला नव्हे. त्याच्या मते पुत्र जगाच्या आधी निर्माण झाला आणि त्याच्याद्वारे जग घडलं. पोलंडमधल्या त्रैक्यविरोधकांच्या १६०५ च्या राकोव धर्मप्रश्नोत्तरीला हे मान्य नाही. तिच्या मते मरियेच्या उदरी येण्यापूर्वी येशू अस्तित्वातच नव्हता. ट्रान्सिल्व्हेनियाच्या (आजच्या रोमानियातला प्रदेश) युनिटेरियन नेत्या फेरेंत्स दाविदने तर येशूची प्रार्थनाही नाकारली आणि १५७९ मध्ये तो देवाच्या तुरुंगात वारला (देवा हे तिथल्या गावाचं नाव). आपण दाखला दिलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. तोवर ती परंपरा येशूला माणूस मानणारी झाली होती.

आपली खरी ताकद मार्क १३:३२ आणि योहान १७:३ मध्ये आहे. शेवटचा तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्क सांगतो. ‘मनुष्यस्वभावाने ठाऊक नाही’ हे आम्हा त्रैक्यवाद्यांचं नेहमीचं उत्तर ४५१ च्या खाल्सेदोन सभेच्या भाषेतलं आहे, मार्कच्या वाक्यातलं नाही. तरी ते मला पटतं, फिलिप्पै २:६-८ मुळे: आधी देवाच्या स्वरूपात असलेल्याने स्वतःला रिक्त केलं, असाच तिथला क्रम आहे. येशूचं पूर्वअस्तित्व नाकारून आपण तो क्रम कसा लावता, ते जरूर लिहा.