आजोबांचं वाद्य गिटारला ‘चिकटवलेलं’ नाहीये: मंगोलियन-तैवानी मेटलवरच्या त्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला म्हणून शेवटी लिहायला बसले. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मंगोलिया, चीन, तैवान, जपान, कोरियातली मेटलवाली (म्हणजे जड, कर्कश गिटारचं रॉक वाजवणारी) पोरं गोऱ्या लोकांचे व्ह्यूज मिळवायला जुनी वाद्यं गिटारला चिकटवतात, हे २०१८ नंतरचं फॅड आहे, वाद्यं फक्त शोभेला, गाणं म्हणजे राक्षसी ओरडणं, शब्दांना काही अर्थ नाही, आणि खरे पारंपरिक कलाकार याच्या आसपासही फिरकत नाहीत. खाली तोंड रंगवलेल्या तैवानच्या थॉनिक बँडचा फोटो आणि ‘हेच ते संस्कृतीचे मारेकरी’. मी हे संगीत बारा-तेरा वर्षं ऐकतेय, लहानपणी शास्त्रीय गाणंही शिकलेय, त्यामुळे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे.

२०१८चं आधी उरकून टाकते. मंगोलियाच्या द हू या बँडचे व्हिडिओ २०१८च्या शेवटी आले आणि जगभर पसरले, एवढं बरोबर. पण बीजिंगमधे टँग डायनॅस्टी हा बँड १९८८ सालीच उभा राहिला, त्यांचा पहिला अल्बम १९९२चा, आणि हेवी मेटलमधे थांग राजवटीच्या वैभवाची आठवण काढणारं आणि पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चीनच्या जुन्या संगीत नाटकाच्या, ढंगाचा आवाज लावणारं गाणं त्यात आहे. तेव्हा चीनमधे सामान्य माणसाकडे इंटरनेटच नव्हतं, व्ह्यूज कुठून मोजणार? थॉनिक १९९५चा, जपानी भुताखेतांच्या गोष्टींवर गाणारा ओसाकाचा ओन्म्योझा १९९९चा. आणि गोऱ्यांना खूष करायचंय तर मंगोलियनमधे, जपानीत कशाला गातील हो?

आता वाद्यं शोभेची, हा मुद्दा. काही बँड तसं करतात, इंट्रोला दहा सेकंद बासरी आणि मग तेच ते, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण द हूचा कुठलाही लाइव्ह व्हिडिओ लावा आणि मोरिन खूर वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य, तारा पारंपरिक पद्धतीत घोड्याच्या केसांच्याच, आणि तार दांडीवर दाबत नाहीत, ती हवेतच असते, नखाच्या मुळाने किंवा बोटाच्या बाजूने नुसती अडवतात. उजव्या हाताने गज खालून धरतात आणि त्याच्या केसांचा ताण बोटांनीच कमीजास्त करतात. घोड्याची चाल या वाद्यावर वाजवणं मंगोलियात फार जुनं आहे, आणि मेटल गिटारवाल्यांमधेही एका ठेक्याला ‘गॅलप’ म्हणजे घोडदौडच म्हणतात! म्हणजे दोन्ही वाद्यं एकच चाल घेऊन भेटतात, त्यात कोण कोणाला चिकटलं सांगा.

कोरियाचा जांबिनाई बँड तर अजून पुढे गेलाय. गोमुंगो हे सहा तारांचं आडवं वाद्य, ते छेडत नाहीत, बांबूच्या छोट्या काडीने मारतात, काडी तारेवरून खाली लाकडावर आपटते आणि स्वर आणि ठोका एकदमच येतो. त्यांच्या गाण्यात कितीतरी वेळा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी स्वरांची ओळ, गोमुंगोच धरतो आणि गिटार मागून भरत येते, तो काढला तर गाणंच उरत नाही.

आवाजाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ज्याला मेसेजवाला राक्षसी ओरडणं म्हणतो ते द हूच्या बाबतीत खूमी आहे, मंगोलियन कंठगायन. त्यातल्या खरखिरा प्रकारात नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर ज्या आणखी दोन घड्या असतात त्याही कंप पावतात आणि मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा खर्ज ऐकू येतो. मेटलमधला ग्रोल, म्हणजे ते घोगरं गुरगुरणं, तोही बऱ्याचदा याच घड्यांमधून निघतो. म्हणजे जे मेटलवाल्यांनी गेल्या चाळीसेक वर्षांत घशात शोधलं ते मंगोलियातल्या गुराख्यांकडे आधीपासून होतं. २०१०मधे युनेस्कोने मंगोलियाची खूमी मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली, ती काय आरडाओरडा म्हणून घेतली का?

आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा तो फाटका खरखरीत आवाज, तो पूर्वेला परका आहे असंही काही नाही. शामिसेन या तीन तारांच्या जपानी वाद्याची सगळ्यात जाड तार मुद्दाम मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीवर टेकू देत नाहीत, म्हणजे ती मानेच्या लाकडाला हलकेच घासते आणि झणझणते. त्याला सावारी म्हणतात, म्हणजे स्पर्श. आमच्या घरी मिरजेचा तंबोरा आहे, त्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत एका जागी आला की तार एकदम उघडते, हजार स्वर सांडतात, ती आपली जवारी. ज्यांनी कधी स्वतः जवारी लावलीय त्यांना स्वच्छ आवाज म्हणजेच चांगला आवाज हे कधी पटणार नाही. मी पहिल्यांदा शामिसेन आणि जड गिटार एकत्र ऐकली तेव्हा मला ते भांडण वाटलंच नाही, एकाच घरातले दोन आवाज वाटले.

खरे कलाकार फिरकत नाहीत म्हणे. अहो जांबिनाईचे मूळ तिघं कोरियाच्या राष्ट्रीय कला विद्यापीठात पारंपरिक संगीतच शिकलेत, द हूची मंडळीही पारंपरिक संगीतात तयार झालेली, आणि मंगोलियाने २०१९मधे त्यांना चंगीज खानाच्या नावाचा सर्वोच्च सन्मान दिलाय. शिवाय ज्या मोरिन खूरला हे ‘शुद्ध’ म्हणतात त्याचा तोंडावरचा कातड्याचा पडदा जाऊन व्हायोलिनसारखा लाकडी पाट विसाव्या शतकातच आला, चीनच्या अर्हूला, म्हणजे गजाने वाजवायच्या दोन तारांच्या वाद्याला, रेशमाऐवजी स्टीलच्या तारा तेव्हाच आल्या. आपली पेटी युरोपातून आली, आज तिच्याशिवाय भजन होतं का?

राहिला थॉनिक आणि ‘शब्दांना अर्थ नाही’. त्यांच्या २००५च्या अल्बमचा विषय १९३०चा तैवानातल्या सेदिक आदिवासींचा जपानी सत्तेविरुद्धचा उठाव. २००९च्या अल्बममधे १९४७ सालचं तैवान आहे, २८ फेब्रुवारीला सुरू झालेलं आंदोलन आणि त्यानंतर सरकारी सैन्याने केलेल्या कत्तली, आणि त्याला जोडलेला तिथल्या लोकश्रद्धेतला नरक, जिथे मेलेल्या माणसाला आरशात स्वतःची कर्मं दिसतात. १९४९ ते १९८७ तैवानात लष्करी कायदा होता, या कत्तलींबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, घरात आईवडील कुजबुजायचे आणि गप्प व्हायचे. गायक फ्रेडी लिम १९७६चा, म्हणजे त्याचं बालपण त्याच गप्प काळातलं. तो पुढे तैवानात अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, २०१६च्या जानेवारीत तैपेईतून संसदेवर निवडून गेला.

त्यांच्या गाण्यात रडल्यासारखं जे दोन तारांचं वाद्य वाजतं ते अर्हूच्या घराण्यातलं. आणि ज्या तैवानी होक्किएन भाषेत तो गातो ती त्या काळात शाळेत बोलली की मुलांना दंड भरावा लागायचा, गळ्यात पाटी अडकवून उभं करायचे. मेसेजमधला फोटो त्याच माणसाचा आहे.