पाठीवर घर घेतलेल्या ट्रकची मर्जी कशी सांभाळावी

पिकअप ट्रकच्या पाठीवर कॅम्पर चढवायचं पक्कं झालंय ना, मग बांधायचे टाय-डाऊन, उचलायचे जॅक, मागचं बूड सावरणाऱ्या स्प्रिंगजवळच्या एअरबॅग हे सगळं नंतर बघू, आधी ट्रकचा स्वभाव समजून घ्या. आजकालचा अमेरिकन ट्रक म्हणजे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी असतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या दाराबाहेर चपला जास्त दिसतायत, सगळ्यावर नजर, प्रत्येक गोष्टीची नोटीस, आणि वरची टाकी ओव्हरफ्लो होऊन जिन्यावरून पाणी वाहायला लागलं की साहेब नेमके गावाला. एवढं एकदा मनाशी धरलंत की पुढे फार त्रास होत नाही.

ज्यांना स्लाइड-इन कॅम्पर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मागे ओढायचा ट्रेलर नव्हे. ट्रकच्या हौद्यात सरकवून बसवायची अख्खी खोली असते, शेगडी, फ्रिज, सिंक, नशीब असेल तर संडाससुद्धा, आणि पुढचा भाग केबिनच्या टपावर येतो तिथे गादी. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आपल्या लोकांत हा नाद तसा कमीच, पण लागला की असा लागतो की मंडळाचा कार्यक्रम सोडून माणूस शनिवारभर ड्राइव्हवेत कॅम्पर बांधायचे टर्नबकल आवळत बसतो आणि बायको दारात उभी राहून विचारते, अहो येताय ना?

तर पहिलं काम, हौद्याचा मागचा फाळका, म्हणजे टेलगेट, काढा. मोठा कॅम्पर बसवायचा तर बहुतेक वेळा तो काढावाच लागतो. पूर्वी दोन पट्टे सोडले की फाळका हातात यायचा. आता त्यात कुलपाची मोटर, कुठे उघडणारी पायरी, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा. अमेरिकेत मे २०१८ पासून भारासह दहा हजार पाउंड वजनापर्यंतच्या नव्या गाडीला मागचा कॅमेरा कायद्यानेच लागतो, चांगला कायदा आहे, मागे खेळणारी लहान मुलं दिसत नाहीत म्हणून आला, त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलायचा नाही. फक्त ट्रकवाल्यांनी कॅमेरा ठेवायला जागा कुठली निवडली, तर जो भाग तुम्ही काढून गॅरेजमध्ये ठेवणार नेमकी तीच. तेव्हा फाळका छान सोलापुरी चादरीत गुंडाळून वॉटर हीटरशेजारी उभा करा, कॅमेऱ्याला आतून चादरीची नक्षी बघू द्या, आणि तुम्ही रिव्हर्स टाकला की समोरच्या बारा इंची स्क्रीनवर काळोख बघा.

निराश होऊ नका, दुसरा कॅमेरा आहे की. केबिनच्या मागे वर, तिसऱ्या ब्रेकलाइटपाशी, हौद्यातला माल बघायला. तो मात्र ठणठणीत चालतो. कॅम्परची पुढची भिंत चार बोटांवरून हाय डेफिनिशनमध्ये दाखवतो, मधली रेघसुद्धा आखून देतो. स्क्रू मोजायला उत्तम.

पार्किंग सेन्सर हा वेगळाच कलाकार. कॅम्परची मागची पायरी बंपरच्या वर लोंबत असते, सेन्सरला वाटतं कुणीतरी मागे उभं आहे, आणि ते कुणीतरी तुम्ही रिव्हर्स घ्याल तसं तुमच्याबरोबर मागे येतं, त्यामुळे सेन्सर जिवाच्या आकांताने ओरडत राहतो. बंद करायचं बटण आहे. गाडी पुन्हा स्टार्ट केली की ते आपोआप चालू होतं. तेव्हा बटण दाबायची सवय लावून घ्या, सीटबेल्टबरोबर जमतं.

आता मुख्य विषय, प्लग. कॅम्परचे दिवे, इंडिकेटर आणि बॅटरीचं चार्जिंग हे सगळं एका सात पिनांच्या सॉकेटमधून येतं, आणि हा सॉकेट मुळात ट्रेलरसाठी. त्यात काही खुपसलं की ट्रक विचारणार, ट्रेलर कुठल्या प्रकारचा? साधा, की हौद्यात अडकवायचा फिफ्थ व्हील नाहीतर गूजनेक? 'पाठीवर घर' असा पर्याय बऱ्याच ट्रकांत नाही. खरं सांगायला जाऊ नका, काहीतरी एक निवडा. मग लांबी विचारेल. लांबी सांगितली की ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यावर नजर ठेवणाऱ्या सोयीची, चौकट तेवढी मागे ताणली जाते आणि तुमच्या मागे जिथे निव्वळ हवा आहे तिथली राखण सुरू होते, किंवा मग ट्रेलर आहे म्हटल्यावर ब्लाइंड स्पॉट सरळ बंदच. म्हणजे कॅम्परमुळे आतला आरसा निकामी झालाय, खिडकीतून मागचं दिसत नाहीये, आणि ज्या एका सोयीची आता खरी गरज आहे ती सोय रजेवर. ट्रेलरच्या ह्या नोंदीला, म्हणजे प्रोफाइलला, नावही देता येतं हं. छानसं द्या, 'मातोश्री निवास' वगैरे. ट्रक त्या नावाखाली मैलांचा हिशोब ठेवतो, त्यात त्याची काही कसूर नसते.

आणि एलईडी दिवे असलेला नवा कॅम्पर घेतला असेल तर मजा दुप्पट. ट्रकला मागे काही लागलंय हे कळतं दिव्यांनी खेचलेल्या करंटवरून. जुने बल्ब भरपूर खायचे, त्याला लगेच पत्ता लागायचा. एलईडी खातात चिमणीएवढं, त्यामुळे ट्रक म्हणतो मागे कुणी नाही. थोड्या वेळाने म्हणतो आहे. मग पुन्हा नाही. तुम्ही हायवेला पासष्ट मैलांच्या वेगाने चाललाय आणि समोर घंटी वाजून मेसेज येतो, ट्रेलर डिस्कनेक्टेड. साधारण तीन हजार पाउंडांचं घर, ज्यात तुमचं अंथरूण, कुकर आणि आठवड्याचा शिधा आहे, ते सुटलं असं तुमचा ट्रक तुम्हाला सांगतोय, आणि तुम्ही बाजूच्या आरशात बघता तर घर जागच्या जागी, पडदासुद्धा हललेला नाही. पहिल्यांदा काळजात धस्स होतं. नंतर नंतर नुसतं 'बरं' म्हणायचं आणि ओके दाबायचं. जाणकार लोक दिव्याच्या वायरीवर एक रेझिस्टर नाहीतर जुना बल्ब जोडतात, म्हणजे एलईडी लावून वाचवलेली वीज दुसरीकडे जाळायची, का तर ट्रकची खात्री पटावी. करा बिनधास्त. फक्त तो बल्ब तापतो, लाकडाला टेकवून ठेवू नका.

बॅटरीचं मात्र नीट ऐका, इथे ट्रकची बुद्धी सगळ्यात फुलून येते. पूर्वीचा अल्टरनेटर अडाणी, इंजिन चालू तोवर चौदाच्या आसपास व्होल्ट देत बसायचा. आताचा अल्टरनेटर शिकलेला आहे. ट्रकची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज तेरापर्यंत, कधी त्याच्याही खाली आणतो, तेवढंच डिझेल वाचतं. तुमच्या कॅम्परमधल्या लिथियम बॅटरीला भरायला हवेत चौदाच्या वर. शिवाय सात पिनांमधली चार्जची वायर बारीक, पुढून मागपर्यंत येता येता अर्धा-एक व्होल्ट वाटेतच खाते, आणि त्यावर तुम्ही फ्रिज बारा व्होल्टवर लावलाय, जो दहा-पंधरा अँपिअर ओढतो. हिशोब सोपा आहे, दिवसभर गाडी चालवा आणि निघताना होती त्यापेक्षा रिकामी बॅटरी घेऊन मुक्कामी पोचा. त्यातून काही ट्रकांत मागे ट्रेलर आहे अशी खात्री पटली तरच चार्जची लाइन चालू होते, आणि खात्री कशावरून पटते तर दिव्यांवरून, आणि दिवे एलईडी. म्हणजे दिवा वीज कमी खातो म्हणून बॅटरी भरत नाही! हे ज्याने डिझाइन केलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. उलट काही ट्रकांत ती लाइन चावी काढली तरी चालूच राहते, मग रात्रभरात फ्रिज ट्रकचीच बॅटरी पिऊन टाकतो आणि सकाळी दूध थंडगार, ट्रकही थंडगार.

उपाय आहे. आलेलं कमी व्होल्टेज वाढवून कॅम्परची बॅटरी भरणारा, काहीशे डॉलरचा डीसी टू डीसी चार्जर घ्या, इंजिनपासून मागपर्यंत अंगठ्याएवढ्या जाड वायरी ओढा, फ्यूज घाला. हे सगळं जोडताना निगेटिव्ह सरळ बॅटरीच्या टोकाला लावायचा मोह होईल, तो आवरा, कारण तिथे एक छोटा सेन्सर बसलेला असतो, बॅटरीत किती आलं किती गेलं त्याची वही लिहितो, त्याला वगळून लावलं तर त्याचा हिशोब चुकतो आणि ट्रक रुसतो. चॅसिसला लावा. एवढा लाखाचा ट्रक घेतल्यावर त्याच्यापासून वीज अशी लपतछपत घ्यायची, त्यातच गंमत आहे.

वाऱ्याबद्दल थोडं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगररांगेच्या पूर्वेला ३९५ नंबरच्या रस्त्यावर लोन पाइन, बिशपकडे जाल तेव्हा जोरदार वाऱ्याच्या पाट्या दिसतील, कॅम्पर आणि ट्रेलरवाल्यांनी जाऊ नये म्हणून. पाटी वाचा आणि थांबा, ती माणसाने लिहिली आहे. नाही थांबलात तर आडव्या झोतात उंच घर डोलतं, ट्रकला वाटतं मागचा नसलेला ट्रेलर झुलतोय, आणि तो तुम्हाला न विचारता इंजिनची ताकद काढून घेतो, एकेका चाकाला ब्रेक मारतो. त्याचवेळी गाडी लेनमध्ये ठेवणारा लेन-असिस्ट स्टिअरिंग ओढतो. तुम्ही, वारा आणि दोन कॉम्प्युटर असे चौघं मिळून गाडी चालवता. हेडलाइटचं तर विचारूच नका, मागचं बूड बसलं की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यावर, समोरचा प्रत्येक जण तुम्हाला डिपर मारून आशीर्वाद देत जातो.

बरं एवढे सगळे सेन्सर, मग ओव्हरलोड झालाय हे तरी सांगत असेल? छे हो! एखाददुसऱ्या मॉडेलमध्ये वजन दाखवायची सोय आली आहे, बाकीचे ढिम्म. ह्या मशीनला विंडशील्डवर पाऊस पडला तर कळतं, शेजारच्या सीटवर तांदळाची पिशवी ठेवली तर माणूस समजून बेल्ट लावा म्हणून ओरडतं, पण पाठीवर अर्धा टन जास्त आहे ह्यावर ब्र काढत नाही. तो आकडा असतो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत, पांढऱ्या-पिवळ्या कागदी स्टिकरवर, माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडांच्या वर नको. 'हाफ-टन' नावाच्या हलक्या वर्गातल्या साध्या ट्रकात तो बऱ्याचदा दीड-पावणेदोन हजाराच्या आसपास निघतो. ब्रोशरमध्ये कॅम्परचं वजन लिहिलेलं असतं कोरडं. पाणी धरलेलं नसतं, एका गॅलनला सव्वाआठ पाउंडांच्या वर, तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड तिथेच. बॅटऱ्या, गॅस, दारावरचं कापडी छत, सासरचे लोक धरलेले नसतात. ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर थोडक्या डॉलरांत चिठ्ठी मिळते, पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती, एकदम स्पष्ट. पण ती बघितली की झोप जाते, म्हणून लोक जात नाहीत.

आणि हवा. लोडसाठी मागच्या टायरात ऐंशी पीएसआय भरा, ट्रक खूश. घरी येऊन कॅम्पर उतरवा, रिकामा ट्रक उड्या मारतो म्हणून हवा साठवर आणा, की लागलीच पिवळा दिवा, प्रेशर लो! ओझं उतरल्यावर त्याला काळजी.

रात्रीचं राहिलंच. तुम्ही झोपता कुठे, केबिनच्या बरोबर टपावर. पँटच्या खिशात की-फॉब, म्हणजे ट्रकची रिमोट चावी. तुम्ही कुशीवर वळलात की ट्रकला वाटतं मालक आले, मग खालचे दिवे लागतात, आरसे उघडतात, पायरी खाली येते. मालक आलेले नाहीत, मालक घोरतायत. थोड्या वेळाने सगळं मिटतं, तुम्ही दुसऱ्या कुशीवर वळता. शेजारच्या साइटवरचं म्हातारं जोडपं खिडकीतून बघत असतं. फॉब घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, चिवडा संपलेला असेल तर उत्तम. आणि लॉक केलेल्या ट्रकचा प्लग रात्री ओढू नका, काही ट्रकांत ट्रेलर चोरीला जातोय समजून भोंगा सुरू होतो, जंगलात तो फार लांबपर्यंत ऐकू येतो.

एवढं सगळं होऊनही तक्रार करायचीच असेल तर सर्व्हिस सेंटरला जरूर जा. तिथे पहिल्यांदा कळेल की कॅम्पर चढवलेला ट्रक दहा-अकरा फूट उंच आणि वर्कशॉपचं शटर त्याहून ठेंगणं, तेव्हा कॅम्पर उतरवून आणा. उतरवता. फाळका चादरीतून काढून परत लावता, कॅमेरा दिसायला लागतो, सेन्सर गप्प होतो, प्लगच नाही म्हटल्यावर ट्रेलरचा मेसेज येतो कशाला. टेक्निशियन बिचारा दोन दिवस ठेवून घेतो, फिरवून बघतो आणि कागदावर लिहून देतो, तक्रार आढळली नाही. डायग्नोस्टिकचे पैसे भरा. वर सॉफ्टवेअर अपडेट मारून देतात, त्यात तुमचं मातोश्री निवास पुसलं गेलेलं असतं आणि घरी येऊन प्लग लावला की ट्रक परत लांबी विचारतो. ह्या वेळी चाळीस फूट सांगून बघा.